नाशिकमध्ये जलशुद्धीकरणाचं प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरणातलं किंवा नदीतलं पाणी तुरटी, निवळणी, वाळूचा फिल्टर आणि क्लोरीन या वाटेने शुद्ध करणाऱ्या केंद्रांवर जे काम करतात, त्यांच्यासाठी आम्ही नाशिकमध्ये वर्ग घेतो. फोनवर पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं एका ओळीची आहेत, काहींची लांबली आहेत.

हे प्रशिक्षण नेमकं कोणासाठी आहे?

पाळीवर असणाऱ्या माणसासाठी. ऑपरेटर, केमिस्ट, फिल्टर अटेंडंट, क्लोरीन रूम सांभाळणारा, आणि त्यांच्यावर देखरेख करणारे कनिष्ठ व शाखा अभियंते. नगरपालिका, औद्योगिक वसाहत, प्रादेशिक पाणीपुरवठा योजना, मोठ्या कारखान्याचं स्वतःचं केंद्र, कुठूनही या. आमचा आग्रह एवढाच की संस्थेने फक्त साहेबांना पाठवू नये. जुलैत रात्री दोन वाजता पाणी चहासारखं लाल यायला लागतं, तेव्हा तुरटीचा व्हॉल्व किती उघडायचा हे केंद्रावर एकटा असलेला माणूस ठरवतो. शिकायला हवं ते त्याने.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. हे सगळं कॉलेजात झालंय. मला वेगळं काय मिळणार?

कॉलेजात क्लॅरिफ्लॉक्युलेटरचं (गुठळ्या जमवून गाळ खाली बसवायची टाकी) डिझाइन शिकवतात. तो चालवायचा कसा, हे फारसं कोणी शिकवत नाही. सरफेस लोडिंग, म्हणजे टाकीच्या पृष्ठभागावरचा पाण्याचा भार, दर चौरस मीटरला दिवसाला ३० ते ४० घनमीटर धरायचं, हे तुम्हाला पाठ असेल. पण गाळ ओढणारा ब्रिज फिरायचा थांबलाय, तळाचा गाळ दोन पाळ्या काढलेला नाही आणि वर गुठळ्या तरंगायला लागल्यात, अशा वेळी आधी कशाला हात घालायचा, हे पुस्तकात सापडत नाही. दहावी झालेला आणि वर्षानुवर्षं पाळी केलेला फिटर ते चटकन सांगतो, आणि ‘असं का होतं’ हे इंजिनिअर चटकन सांगतो. म्हणून आम्ही दोघांना एकाच बाकावर बसवतो. पहिले काही तास अवघडलेपणा असतो. जार टेस्टला (भांड्यांत तुरटीचा डोस शोधायची चाचणी) लागले की तो जातो.

शिक्षणाची अट?

मराठी वाचता-लिहिता यावं आणि गुणाकार-भागाकार यावा. आयटीआय झालं असेल तर पंप आणि मोटरचा भाग सोपा जातो.

‘पारंपरिक’ म्हणजे जुनाट का? आता तर घरोघरी आरओ आहे.

घरातला आरओ दिवसाला काही लिटर पाणी देतो आणि बरंचसं पाणी मोरीत सोडतो. शहराला रोज कोट्यवधी लिटर लागतं. नदी किंवा धरणाच्या गोड्या पाण्यात मुख्य अडचण असते ती मातीच्या बारीक कणांची आणि जंतूंची, क्षारांची नव्हे. त्यावर गुठळ्या जमवणं, निवळणं, गाळणं आणि क्लोरीन देणं हाच आजही सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे. नाशिक महापालिकेची बाराबंगला, शिवाजीनगर, पंचवटी, विल्होळी इथली केंद्रं याच वाटेने पाणी देतात. शेजारच्या कुठल्याही तालुक्याच्या गावच्या योजनेवर जा, मांडणी लहान असेल, क्रम हाच.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगतो. विरघळलेले क्षार आणि नायट्रेट तिने जात नाहीत. निफाड-दिंडोरीकडची मंडळी द्राक्षबागांच्या फवारणीबद्दल नेहमी विचारतात. पाण्यात विरघळलेली कीटकनाशकं वाळूचा फिल्टर खात्रीने अडवत नाही. तिथे सक्रिय कार्बनसारखा वेगळा टप्पा लागतो, आणि त्याहून बरं म्हणजे ती मुळात पाण्याच्या स्रोतात जाऊ न देणं.

नाशिकच का?

एक तर इथे पाणी शिकण्याची सोय आधीपासून आहे. दिंडोरी रस्त्यावरची ‘मेरी’ ही संस्था १९५९ पासून पाणी आणि धरणांवर संशोधन करते, आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं ‘मित्रा’ हे प्रशिक्षण व संशोधन केंद्रही नाशिकमध्येच आहे. राज्यभरातले पाणीपुरवठा अभियंते कधी ना कधी तिथे येऊन गेलेले असतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. नाशिक शहर गंगापूर, दारणा आणि मुकणे या तिन्हींचं पाणी पितं. धरणाच्या मोठ्या साठ्यातून उचललेलं पाणी बरंचसं आधीच निवळलेलं असतं. बंधाऱ्यावरून उचललेलं पाणी पहिल्या जोरदार पावसात काही तासांत रंग बदलतं. ब्रह्मगिरीच्या बाजूला पाऊस कोसळला की गोदावरीचं काय होतं, हे पाहायला लांब जावं लागत नाही. पूर किती आला हे नाशिककर रामकुंडावरच्या दुतोंड्या मारुतीवरून सांगतात. गुडघे बुडाले, कंबर बुडाली, छातीला लागलं. ऑपरेटरला तेवढं थांबून चालत नाही. त्याला वरच्या भागात पाऊस सुरू झाल्याचं कळताच तुरटीचं द्रावण तयार ठेवावं लागतं.

पहिल्या दिवशी काय करता?

चालतो. जॅकवेलमधून (पाणी उचलायची विहीर) आलेलं पाणी ज्या क्रमाने जातं त्याच क्रमाने: एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारा), फ्लॅश मिक्सर (तुरटी झटकन मिसळणारा), क्लॅरिफ्लॉक्युलेटर, फिल्टर हाऊस, क्लोरीन, शुद्ध पाण्याची टाकी. प्रत्येक ठिकाणी बाटली भरून घ्यायची आणि टर्बिडिटी, म्हणजे गढूळपणा, मोजायची. वर्गात फळ्यावर आकृती काढण्याआधी हे झालंच पाहिजे, यावर आम्ही अडून बसतो.

जार टेस्टवर एवढा वेळ कशाला? आमच्याकडे तर अंदाजाने तुरटी टाकतात आणि पाणी चांगलं येतं.

आठ महिने चांगलं येतं. धरणाचं पाणी शांत असतं, डोस थोडा इकडेतिकडे झाला तरी फिल्टर सांभाळून घेतो. अंदाज उघडा पडतो पावसाळ्यात.

पद्धत अशी. सहा भांड्यांत प्रत्येकी एक लिटर कच्चं पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटीचा वेगळा डोस. समजा १०, २०, ३०, ४०, ५०, ६० मिलीग्रॅम. साधारण १०० फेऱ्यांनी एक मिनिट जोरात ढवळायचं, मग ३०-४० फेऱ्यांवर पंधरा-वीस मिनिटं सावकाश, मग अर्धा तास हात लावायचा नाही. वरचं पाणी हलकेच काढून टर्बिडिटी आणि पीएच मोजायचा. जिथे कमीत कमी तुरटीत पाणी निवळलं आणि त्यापुढे डोस वाढवून विशेष फरक पडला नाही, तो आपला डोस.

हे वाचायला सोपं आहे. शिकायचं असतं ते यातलं पाहणं. गुठळी कितव्या मिनिटाला दिसायला लागली? दाण्यासारखी आहे की कापसासारखी? बसताना सरळ खाली येते की तरंगत राहते? एखाद्या भांड्यात पाणी निवळून पुन्हा दुधाळ झालं का? तसं झालं असेल तर तुरटी जास्त झाली. मातीचे कण ऋण भाराचे असतात, म्हणून एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं. अति झालं की कण धन भाराचे होतात आणि पुन्हा एकमेकांपासून पळतात. ‘जास्त टाकली तर जास्त स्वच्छ’ हा समज इथे मोडतो, आणि तो वाचून मोडत नाही. स्वतःच्या हाताने सहावं भांडं बिघडलेलं पाहिलं की मोडतो.

आणखी एक. जार टेस्टचा आकडा केंद्रावर जसाच्या तसा लागू पडत नाही. फ्लॅश मिक्सर बंद असेल आणि तुरटीची धार चॅनेलच्या एका कडेला पडत असेल, तर भांड्यात ३० मिलीग्रॅमने झालेलं काम प्रत्यक्षात ५०नेही होणार नाही. तो वाढीव खर्च तुरटीच्या खात्यावर दिसतो, दोष मिक्सरचा असतो.

पावसाळ्यात तुरटी वाढवत गेलो तरी गुठळी धरत नाही. असं का?

बहुतेक वेळा अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, कमी पडते. १ मिलीग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलीग्रॅम अल्कलिनिटी खाते. पावसाच्या पाण्याने नदीची अल्कलिनिटी आधीच पातळ झालेली असते, त्यात तुम्ही ६०-७० मिलीग्रॅम तुरटी ओतता. पीएच घसरतो. तुरटी साधारण ६ ते ७.५ पीएचमध्ये नीट काम करते. त्याखाली गेली की ॲल्युमिनियम विरघळलेलंच राहतं, फिल्टरमधून पार होतं आणि पुढे टाकीत किंवा पाइपात गुठळी बनतं. लोकांची तक्रार येते की नळाला पांढरी साय येते. इलाज तुरटी वाढवणं नाही. चुना द्या, पीएच पाहा, मग डोस ठरवा. केंद्रावर अल्कलिनिटी मोजायचं साहित्य नसेल तर तुरटीच्या पुढच्या ऑर्डरआधी ते मागवा.

तुरटी चांगली की पीएसी?

दोन्ही चालतात. पीएसीने, म्हणजे पॉलिॲल्युमिनियम क्लोराइडने, पीएच कमी घसरतो, गुठळी लवकर धरते, गाळ कमी होतो. किलोमागे महाग पडतं. फार गढूळ पाण्यात बरेच जण पावसाळ्यापुरतं पीएसी वापरतात. दोन्हींची जार टेस्ट शेजारी-शेजारी लावा आणि दर हजार लिटरला किती रुपये पडले ते काढा. विक्रेत्याच्या पत्रकावरून ठरवू नका.

गणित किती लागतं? मला भीती वाटते.

एवढंच: दशलक्ष लिटर गुणिले लिटरमागे मिलीग्रॅम बरोबर किलो. २० दशलक्ष लिटरच्या केंद्रावर ३० मिलीग्रॅम डोस म्हणजे दिवसाला ६०० किलो तुरटी, तासाला २५ किलो. द्रावण १० टक्क्यांचं असेल तर तासाला २५० लिटर, म्हणजे मिनिटाला चार लिटरच्या थोडं वर. बादली आणि घड्याळ घेऊन धार मोजली की डोस तपासला गेला. क्लोरीनही तसंच. २ मिलीग्रॅमला ४० किलो गॅस. ३० टक्क्यांची ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर सुमारे १३३ किलो. गोण उघडी पडून राहिली असेल तर तीत ३० टक्के क्लोरीन उरलेला नसतो, तेही धरा.

फिल्टर कधी धुवायचा? आमच्याकडे रोज सकाळी आठला धुतात.

घड्याळ पाहून धुऊ नये. हेड लॉस, म्हणजे वाळूतून जाताना पाण्याचा दाब किती घटतो ते, पाहा, फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याची टर्बिडिटी पाहा. हेड लॉस दोन मीटरच्या आसपास गेला किंवा त्याआधीच बाहेरचं पाणी बिघडायला लागलं की धुवा, जे आधी होईल ते. हेड लॉसचं गेज बंद पडलेलं असतं, हे आम्हाला माहीत आहे. पारदर्शक नळी लावून साधं गेज करता येतं, ते वर्गात करून दाखवतो.

रॅपिड सँड फिल्टरची वाळू ६० ते ७५ सेंटिमीटर जाड, दाणा ०.४५ ते ०.७० मिलिमीटर, आणि वेग तासाला ५-६ मीटरच्या आत, असा साधारण हिशेब. मागणी वाढली म्हणून दोन फिल्टर बंद असताना उरलेल्यांवर सगळं पाणी ढकललं की हा वेग वाढतो आणि माती वाळूतून खाली उतरते. बॅकवॉश (फिल्टर खालून उलटा धुणं) करताना आधी हवा, मग पाणी. वरून येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचं. वीज जाईल म्हणून अर्ध्यात थांबवलेला बॅकवॉश पुढे मड बॉल तयार करतो. फिल्टर रिकामा करून वाळूत हात घाला. बोराएवढे मातीचे गोळे लागले तर तुमचं धुणं कमी पडतंय.

फार केंद्रांवर दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे धुतल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं. नुकत्याच धुतलेल्या वाळूतून सुरुवातीला गढूळ पाणी येतं. ते वाया घालवण्याची सोय असेल तर घालवा. नसेल तर फिल्टर अगदी हळू सुरू करा. भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्याला १ एनटीयूपर्यंत (गढूळपणाचं एकक) टर्बिडिटी स्वीकार्य मानतं, पर्यायी स्रोत नसेल तर ५ पर्यंत. ‘पाचच्या आत आहे ना’ म्हणून निवांत बसणाऱ्यांना आम्ही १९९३च्या मिलवॉकीची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या या शहरात एका केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची टर्बिडिटी वाढली, पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी गेला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. क्लोरीन चालू होता. क्लोरीनने तो परजीवी मरत नाही, त्याला अडवतो तो फिल्टरच.

क्लोरीन किती द्यायचा?

नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलीग्रॅम उरेल इतका. पाण्याची स्वतःची भूक आधी भागते, मग उरलेला जंतूंवर काम करतो, त्यासाठी निदान अर्धा तास संपर्क हवा. पीएच ७.५च्या वर गेला की त्याच क्लोरीनचा जोर कमी होतो. केंद्रावर भरपूर आणि टोकाला शून्य येत असेल तर डोस वाढवण्याआधी वाटेतली टाकी कधी धुतली ते विचारा.

क्लोरीन मोजायला ऑर्थोटोलिडीनची पिवळी टेस्ट चालेल का?

अनेक ठिकाणी अजून तीच करतात. पण ते रसायन आरोग्याला घातक आहे, आणि लोह-मँगनीज असलं की खोटा पिवळा रंग देतं. डीपीडी हे रसायन वापरा, गुलाबी रंग येतो, मुक्त क्लोरीन वेगळा कळतो.

क्लोरीन गळतीचा सराव खरंच गॅस सोडून करता का?

नाही. रिकाम्या टनरवर (क्लोरीनचं मोठं सिलिंडर) करतो. पण सराव नावापुरता नसतो.

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड आहे. तो खाली साचतो, खड्ड्यात, गटारात, तळघरात उतरतो. म्हणून पळायचं ते वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंचावर. वाऱ्याचा कोंबडा किंवा साधं कापडी निशाण केंद्रावर दिसेल असं लावलेलं हवं. गळती शोधायला अमोनियात भिजवलेला बोळा काठीला बांधून फिरवायचा, पांढरा धूर दिसेल तिथे गळती. गळणाऱ्या जागेवर पाणी मारायचं नाही. नवीन माणूस हमखास पाण्याचा पाइप उचलतो. ओलाव्याने आम्ल तयार होतं, धातू खाल्ला जातो आणि भोक मोठं होतं.

९०० किलोच्या टनरला दोन व्हॉल्व असतात, ते एकावर एक उभ्या रेषेत ठेवायचे. वरच्यातून गॅस येतो, खालच्यातून द्रव. गळणारी जागा खाली असेल तर टनर फिरवून ती वर आणायची, म्हणजे द्रवाऐवजी गॅस सुटेल. द्रव क्लोरीनचा गॅस झाला की तो चारशे पटींहून जास्त पसरतो, त्यामुळे हा फरक फार मोठा आहे. दाट गॅसमध्ये डबीवाला मास्क पुरत नाही, पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला संच लागतो. आणि दोघांशिवाय आत जायचं नाही. सुरक्षेचा संच कपाटात कुलूपबंद आणि किल्ली साहेबांच्या घरी, असं तुमच्याकडे असेल तर प्रशिक्षणाला येण्याआधी ती किल्ली बाहेर काढून या.

लॉगबुक एवढं महत्त्वाचं का? नोंदी तर आम्ही महिन्याच्या शेवटी भरतो.

मग ती नोंद नव्हे. कॅनडातल्या वॉकर्टनमध्ये २००० साली विहिरीच्या पाण्यातून साथ पसरली. सात माणसं गेली, दोन हजारांवर आजारी पडली. चौकशीत निघालं की क्लोरीनच्या नोंदी न मोजताच लिहिल्या जात होत्या आणि चालवणाऱ्यांना पुरेसं प्रशिक्षण नव्हतं. आमच्या वर्गात कोऱ्या रकान्याला गुण कापत नाही, पण एका शाईत, एका दमात भरलेल्या पानाला कापतो. मशीन बंद होतं तर ‘बंद’ लिहा. त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

उन्हाळ्यात पाण्याला मातकट वास येतो. ते शिकवता का?

थोडक्यात. वास बहुधा शेवाळाचा असतो, आणि वाळूने तो जात नाही. शेवाळ भरपूर असताना आधीच जोरदार क्लोरीन मारला तर पेशी फुटून वास वाढू शकतो आणि क्लोरीनची नको ती उपउत्पादनंही बनतात. उचलण्याची खोली बदलता आली तर आधी ते पाहा.

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला याचा उपयोग होईल?

सगळा नाही. त्याला क्लॅरिफ्लॉक्युलेटर नको, ब्लीचिंग पावडरचा हिशेब, टाकी धुणं, नमुना घेणं आणि गळती एवढं हवं. त्यासाठी छोटा वर्ग वेगळा घेतो. पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या स्वच्छता सर्वेक्षणात गावाला हिरवं, पिवळं की लाल कार्ड मिळतं, ते बरंचसं याच गोष्टींवर ठरतं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांनी फील्ड टेस्ट किटवर पाणी तपासायचं आहे. त्यांनीही या वर्गाला यावं. आमचा अनुभव असा की तपासणीचा आकडा वाईट आला तर तो ग्रामसभेत मोठ्याने सांगायची हिंमत त्याच जास्त दाखवतात.

कुंभमेळ्याच्या आधी खास वर्ग असतो का?

हो, मागणी तेव्हा वाढते. शुद्धीकरणाची रीत तीच राहते. बदलतात त्या दोन गोष्टी: केंद्रं पूर्ण क्षमतेने अखंड चालतात, म्हणजे बॅकवॉशला वेळ काढणं कठीण होतं, आणि तात्पुरत्या वाहिन्या, टँकर, साधुग्रामातल्या टाक्या अशी टोकं वाढतात. आम्ही त्या वर्गात निम्मा वेळ टोकाचा क्लोरीन मोजण्यावर घालवतो.

प्रमाणपत्राने नोकरी लागते का?

त्याची हमी देत नाही. सरकारी भरती जाहिरातीतल्या अटींवर होते. केंद्र चालवायला घेणारे ठेकेदार मात्र विचारतात, ‘जार टेस्ट येते का?’ आणि बहुतेक जण लगेच करूनही पाहायला लावतात.

परीक्षा मराठीत असते?

हो. तोंडी आणि प्रात्यक्षिक, दोन्ही. लेखी पेपर नाही.

येताना काय आणायचं?

पुढून बंद बूट, कॅल्क्युलेटर, तुमच्या केंद्राच्या मागच्या जुलैच्या लॉगबुकची झेरॉक्स आणि दहा लिटर कच्चं पाणी, त्याच सकाळी भरलेलं. जार टेस्ट तुमच्याच पाण्यावर करणार आहोत. कॅन आधी त्याच पाण्याने विसळा. रॉकेलचा किंवा फिनेलचा कॅन आणू नका.